सहा टिंबं

डेन्मार्कमधल्या लेमविग गावातल्या छापखान्यात होल्गर थोरुप यांनी छत्तीस वर्षं कागद कापला. छपाईचं काम दुसऱ्यांचं, बांधणीचं तिसऱ्यांचं, पण छापून आलेला गठ्ठा कटिंग मशीनखाली धरून चारी कडा सरळ करायच्या, हे काम त्यांचं. डोळे मिटून हातात कागद दिला तर तो नव्वद जीएसएम जाडीचा आहे की शंभराचा, हे ते सांगत. कागदातल्या तंतूंचं उभं-आडवं ते नुसतं अंगठ्याने ओळखत. गावात कुणाचं लग्न असो, साठावा वाढदिवस असो, नाहीतर पंचविसाव्या लग्नदिवसाची पंगत, पाहुण्यांनी म्हणायच्या गाण्याची पत्रकं थोरुपांच्या हाताखालून गेल्याशिवाय टेबलावर येत नसत.

माणसांचे चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. हा दोष लहानपणापासूनचा, आणि त्याचा बोभाटा त्यांनी कधी केला नव्हता. गिऱ्हाईक आलं की ते टोपीकडे, चष्म्याकडे, चालण्याकडे बघत आणि काम निभावून नेत. एकदाच फसगत झाली. सारख्याच करड्या टोप्या घातलेले दोन गृहस्थ एकाच दुपारी आले आणि होल्गर यांनी एकाचा गठ्ठा दुसऱ्याला दिला. त्या संध्याकाळी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जमलेल्या साठ पाहुण्यांनी एका अनोळखी पशुवैद्याच्या साठीचं गाणं म्हणायला सुरुवात केली. चाल ओळखीची होती, त्यामुळे दोन कडवी होईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या कडव्यात गायीचं बाळंतपण आलं तेव्हा थांबले.

ही गोष्ट गावात अजून सांगतात. त्यामागचं कारण मात्र फक्त त्यांच्या बायकोला, गुर्लीबाईंना, ठाऊक होतं.

पुढे मुलाला, येप्पेला, जुळे मुलगे झाले. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं इतके सारखे. एस्किल्ड आणि सिगुर्ड. केसांचा रंग तोच, पुढच्या दातातली फट तीच, आवाजही तोच. येप्पे पवनचक्क्या दुरुस्त करायला जिल्हाभर हिंडे, सून डिटे दाताच्या दवाखान्यात मदतनीस. बुधवारी दोघांनाही उशीर होई. म्हणून मुलं शाळेत जायला लागल्यापासून दर बुधवारी दोन वाजता त्यांना आणायचं, साडेपाचपर्यंत सांभाळायचं, हे काम निवृत्त आजोबांकडे आलं. मुलं त्यांना फारफार म्हणत आणि गुर्लीबाईंना फारमोर.

ओळखायची सोय होल्गर यांनी आधीच करून ठेवली होती. सिगुर्डचे रबरी बूट निळे, एस्किल्डचे हिरवे. घरात बूट काढायचे, पण मोजेही त्याच रंगांचे. नाताळात मोजे गुर्लीबाईंनी विणले होते आणि रंग होल्गर यांनी सुचवले होते. कधी शंका आलीच तर ते दोघांना मिळून "कप्तान" म्हणत. मुलांना ते आवडे. आजोबांना आपण ओळखू येतो की नाही, असा प्रश्न मुलांच्या जन्मापासूनच्या सहा वर्षांत कुणाच्या मनात आला नाही. निदान कुणी तो विचारला नाही.

बुधवारची दुपार ठरलेली असे. आधी काळा राय पाव, त्यावर लिव्हरची पेस्ट, वर व्हिनेगरमधल्या बीटाच्या चकत्या. सिगुर्डला बीट चालत नसे, एस्किल्ड बीटासाठी पेस्ट खाई. मग ताटल्या धुऊन टेबल पुसायचं, आणि कोरडं झालं की कागद. शरद ऋतूत त्यांनी जाड पुठ्ठ्याचं बंदर केलं होतं, त्यात दिवा लागणारं दीपगृह. डिसेंबरात लाल-पांढऱ्या पट्ट्या एकमेकींत विणून नाताळच्या झाडावर टांगायची हृदयं केली. आणि फेब्रुवारी सरला, बर्फातून पांढरी फुलं डोकी वर काढू लागली, की ईस्टरची चकवापत्रं.

चकवापत्र म्हणजे घड्या घालून कातरलेला पांढरा कागद. मध्ये चार ओळींचं गाणं, सोबत बागेतलं एक चकवाफूल. थंडी संपली असं भासवून हे फूल सगळ्यांना फसवतं म्हणून त्याचं नाव तसं. पत्राखाली नाव लिहायचं नाही. नावात जितकी अक्षरं तितकी टिंबं द्यायची. पाठवणारा ओळखू आला नाही तर पत्र मिळालेल्या माणसाने त्याला ईस्टरला चॉकलेटचं अंडं द्यायचं; ओळखू आला तर अंडं पाठवणाऱ्याने द्यायचं. लहान मुलाचं पत्र आलं की मोठी माणसं मुद्दाम चुकतात. "हे तर मेयरांचं दिसतंय," म्हणतात, डोकं खाजवतात आणि अंडं देऊन टाकतात. ही रीत इतकी जुनी आहे की तिला कुणी खोटेपणा म्हणत नाही.

थोरुपांच्या घरी एक नियम जास्तीचा होता. इतर घरी तीन अंदाज करता येतात, इथे एकच. तो गुर्लीबाईंनी केला होता.

"अरे, जुळ्यांना तीन अंदाज म्हणजे काय? पहिला चुकला की दुसरा बरोबर. त्यात काय डोकं लागतं?"

शिवाय डॅनिश लिपीत एस्किल्ड सहा अक्षरांचा आणि सिगुर्डही सहाच. टिंबांचा काही उपयोग नव्हता.

मार्चच्या पहिल्या बुधवारी दोघे कातरायला बसले.

"कात्री जागेवर ठेवायची," होल्गर म्हणाले. "कागद फिरवायचा. कात्री म्हणजे खांब. खांब फिरतो का?"

"पवनचक्कीचा फिरतो," एक म्हणाला. मोजे हिरवे होते, म्हणजे एस्किल्ड.

"खांब नाही फिरत, पाती फिरतात," निळ्या मोज्यांचा सिगुर्ड म्हणाला. "विचार बाबाला."

"आणि घडीला हात लावायचा नाही," होल्गर म्हणाले. "घडी म्हणजे कागदाचा कणा. कणा कापला की खेळ संपला."

सिगुर्ड कापायच्या आधी विचारी. किती घड्या, कुठून सुरुवात, मध्ये किती जागा सोडायची. मग जिभेचं टोक दातांत धरून छोटी छोटी भोकं पाडी आणि कागद बोटांनी गरागरा फिरवी. एस्किल्ड आधी कापी, मग विचारी. कात्री पूर्ण उघडून तो मोठमोठे लचके काढी, आणि वळण आलं की कागद धरून ठेवून कात्रीसकट स्वतःच खुर्चीवर वळे. त्या दिवशी त्याने घडीवरून कात्री नेली आणि उलगडल्यावर पत्राचे दोन तुकडे हातात आले.

"एस्किल्डचं पत्र मेलं," सिगुर्ड म्हणाला.

"मेलं नाही, जुळं झालं," एस्किल्ड म्हणाला, आणि दोन्ही तुकडे आजोबांसमोर ठेवले.

होल्गर यांनी ते टाकले नाहीत. मुलांनी केलेलं सगळं ते स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात ठेवत, सपाट, वर वजन ठेवून. मागे पेन्सिलीने तारीख लिहीत. तारखेपुढे नावासाठी जागा सोडलेली असे, ती मात्र कोरीच राही. सगळं काम नंतर उचललं जाई, तोवर मोजे टेबलापासून दूर गेलेले असत.

पुढच्या मंगळवारी डिटेने मुलांसाठी नवे बूट आणले. जुने आखूड झाले होते. दुकानात दोघांनाही पिवळे हवे होते आणि कुणीच माघार घेईना, म्हणून तिने दोघांना पिवळे घेतले, आणि त्यात घालायला सारखे जाड राखाडी मोजे. होल्गर यांना हे सांगावं असं तिला वाटायचं कारणच नव्हतं.

बुधवारी शाळेच्या दारातून चार पिवळे बूट बाहेर आले.

होल्गर क्षणभर थांबले. जो जवळ होता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल सिगुर्ड."

तो एस्किल्ड होता. त्याने मागे वळून भावाकडे पाहिलं. सिगुर्डने खांदे उडवले. दोघे चालू लागले.

घरी ताटल्या मांडल्या गेल्या. एस्किल्डच्या पावावर बीट नव्हतं. सिगुर्डच्या पावावर चार चकत्या होत्या, कारण एस्किल्डला जास्त लागत. सिगुर्डला ही मोठीच गंमत वाटत होती, पण गमतीची किंमत बीट खाऊन मोजायची त्याची तयारी नव्हती. त्याने चकत्या एकेक करून ताटलीखाली सारल्या. एस्किल्डने आपला कोरडा पाव मुकाट्याने संपवला. गुर्लीबाई त्या दुपारी वाचनालयात होत्या.

कातरकाम झालं. होल्गर यांनी एकाला तीनदा सिगुर्ड म्हटलं आणि दुसऱ्याला दोनदा एस्किल्ड. साडेपाचला येप्पे आला, दारातच उभा राहिला.

"एस्किल्ड, बूट उलटे घातलेस. काढ."

दुपारभर सिगुर्ड असलेला मुलगा खाली वाकला आणि बूट काढू लागला. काढता काढता त्याने वर पाहिलं. बापाकडे नाही, आजोबांकडे.

मग उभा राहून म्हणाला, "फारफारला मी कोण ते कळत नाही."

"काहीतरीच. कळतं रे," येप्पे म्हणाला.

"नाही कळत. फारमोरला कळतं. दुकानातल्या बाईलापण कळतं. फारफारला नाही कळत."

तो रागावलेला नव्हता. बाहेर पाऊस आहे असं सांगावं तसं त्याने सांगितलं. होल्गर हातात ताटली पुसायचं फडकं घेऊन उभे होते. दार लागल्यावर त्यांनी टेबलावरच्या ताटल्या उचलल्या आणि एकीखाली बीटाच्या चार चकत्या सापडल्या.

गुर्लीबाई आल्यावर होल्गर यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"मला पोरं ओळखू येत नाहीत ते."

"पहिल्या वाढदिवसापासून," गुर्लीबाई कोट टांगत म्हणाल्या. "एकाच पोराला दोनदा केक भरवलास. दुसरं टाळूपर्यंत तोंड उघडून बसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मोजे कुणी विणले? दोन रंगांचे मोजे आम्ही काय हौस म्हणून विणतो? चालत होतं ना. चालत्या गाड्याला कशाला खीळ घालायची."

"तू कसं ओळखतेस?"

गुर्लीबाईंनी विचार केला. "कसं म्हणजे? एस्किल्ड एस्किल्ड असतो आणि सिगुर्ड सिगुर्ड असतो."

याचा होल्गर यांना काही उपयोग नव्हता.

पुढच्या बुधवारी त्यांनी सावधगिरी बाळगली. दारात ते नुसतं "या" म्हणाले. बीटाची बाटली टेबलावर ठेवली आणि ज्याचं त्याने घ्या म्हणाले. एकाने घेतलं, दुसऱ्याने नाही, तेवढ्यापुरतं समजलं. पण मग दोघे हात धुवायला गेले आणि परत आल्यावर खुर्च्या बदलून बसले की तशाच, हे कळेना. कातरकामाला एकच मुलगा बसला. दुसरा खिडकीशी बसून यंत्रांच्या चित्रांचं पुस्तक चाळत राहिला.

"तू नाही का कापणार?" होल्गर यांनी विचारलं.

"नाही. मी घरी करीन."

"का बरं?"

मुलाने पान उलटलं. "तू आज नाव घेत नाहीयेस."

"कुणाचं?"

"कुणाचंच."

होल्गर टेबलाकडे वळले. टेबलाशी बसलेला मुलगा कागद फिरवत होता. "मी सिगुर्ड आहे," तो मान वर न करता म्हणाला. "तुला हवं असेल तर."

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, दाराच्या फटीतून पत्र आत पडलं. पाकिटावर तिकीट नव्हतं. आत कातरलेला कागद, त्यात दाबलेलं चकवाफूल. गाणं डिटेच्या अक्षरात होतं, म्हणजे अक्षरावरून ओळखायचा रस्ता बंद.

चकवाफूल, चकवाफूल,
थंडीला देतं कशी हूल,
नाव लपवलं टिंबांत मी,
ओळखा, मी कुठलं मूल?

खाली सहा टिंबं.

गुर्लीबाईंनी चष्मा लावून पत्र पाहिलं. भोकं लहान, नेमकी, दोन्ही बाजूंना सारखी. घडी शाबूत.

"सिगुर्डचं," त्या म्हणाल्या. "एस्किल्डच्या हातून असं व्हायला अजून दहा वर्षं जायला हवीत. दुसरं पत्र कुठाय?"

दुसरं नव्हतं. ते विबोर्गला डिटेच्या आईवडिलांकडे गेलं होतं, हे मागून कळलं.

"सहा टिंबं तर फारफारचीपण होतात," गुर्लीबाई म्हणाल्या. "तूच स्वतःला पाठवलं असशील."

दुपारी डिटेचा फोन आला.

"होल्गर, पत्र मिळालं ना? मग रीतीप्रमाणे चुकीचं नाव घ्या हं. शनिवारी, रविवारी, सोमवारी, तीन दिवस टेबलावरून हलला नाही हो तो. सात कागद वाया घालवले."

"कोण तो?"

"छान. म्हणजे मी सांगू?" डिटे हसली. "फक्त अंडं मोठं आणा. एवढी मेहनत केलीय तर मिळू दे त्याला."

होल्गर बरं म्हणाले आणि फोन ठेवला.  सिगुर्डचं पत्र असेल तर प्रश्न नव्हता. एस्किल्ड म्हणायचं, अंडं द्यायचं, सगळे हसतील. पण एस्किल्डचं असेल आणि आपण रीतीप्रमाणे सिगुर्ड म्हटलं, तर अंडं त्याला मिळेल आणि त्याबरोबर त्याचं म्हणणं खरं असल्याचा पुरावाही मिळेल. तो काही वाद घालणार नाही. बूट काढताना सांगितलं तसं सगळ्यांना सांगेल, किंवा तेही सांगणार नाही. आणि बुधवारी खिडकीशी बसेल. एकदा मुलगा खिडकीशी बसायला लागला की त्याला टेबलाशी परत आणणं सोपं नसतं, हे येप्पेच्या लहानपणी त्यांनी पाहिलं होतं.

म्हणजे यंदा चुकायची मुभा नव्हती, आणि मुद्दाम चुकायची तर नव्हतीच.

त्यांनी स्वयंपाकघराचं टेबल मोकळं केलं, पुसलं, कोरडं होऊ दिलं. खालच्या खणातून गठ्ठा काढला. पत्र उजेडाकडे धरलं. छत्तीस वर्षं त्यांनी अक्षरं नाही, कडा वाचल्या होत्या. मशीनचं पातं बोथट झालं की ते कडेवरून त्यांना आधी कळे, मालकाला नंतर.

कागद फिरवून कापला की वळण गुळगुळीत येतं. कात्री फिरवली की ती दर वेळी थोडी सरळ जाते, थांबते, पुन्हा वळते. वळणाला बारीक पायऱ्या पडतात. लांबून दिसत नाहीत, अंगठ्याला लागतात.

गठ्ठ्यातले कागद ते एकेक करून अंगठ्याने तपासू लागले. गुळगुळीत डावीकडे, पायऱ्यांचे उजवीकडे. एक जण खिडकीशी बसला तो बुधवार सोडला तर प्रत्येक तारखेचे दोन कागद होते आणि प्रत्येक वेळी एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. बीटाच्या चकत्या ताटलीखाली गेल्या त्या बुधवारचेसुद्धा. त्या दिवशी नावं उलटली होती, हात उलटले नव्हते. दोन तुकडे झालेलं पत्र उजव्या ढिगात आलं, आणि ते कुणाचं, याचा साक्षीदार खुद्द सिगुर्ड होता.

मग त्यांनी शुक्रवारचं पत्र घेतलं. एवढ्याशा भोकांच्या कडेवरून अंगठा फिरवला. पायऱ्या होत्या. अगदी लहान, सावकाश, एकीला लागून एक, श्वास रोखून कापल्यासारख्या. पण होत्या.

"अगं," त्यांनी हाक मारली. मग थांबले. "काही नाही."

ईस्टरच्या रविवारी सगळे जेवायला आले. टेबलावर मुरवलेल्या माशांचं हेरिंग, उकडलेली अंडी, कोकराचं मटण, मोठ्यांसाठी लहान ग्लासांत कडक दारू. मुलांचे शर्ट सारखे, केस सारखे विंचरलेले. ते समोरासमोर बसले होते आणि त्यातला कोण कोणता, हे होल्गर यांना या क्षणीही माहीत नव्हतं. कपाटात त्यांनी आणलेलं मोठं अंडं तयार होतं.

"बाबा, पत्राचा निकाल लावा आधी," येप्पे म्हणाला. "नाहीतर हेरिंग थंड होईल."

"हेरिंग थंडच असतं," एक मुलगा म्हणाला.

"म्हणूनच घाई आहे."

होल्गर यांनी चष्मा लावला आणि पत्र पुढ्यात घेतलं. डिटेने त्यांच्याकडे पाहून हळूच मान हलवली.

"एकच अंदाज," गुर्लीबाई म्हणाल्या.

"एकच," होल्गर म्हणाले. "हे एस्किल्डचं आहे."

डिटेचा चमचा बशीत तसाच राहिला. येप्पेने बापाकडे पाहिलं. लहान मुलाचं पत्र बरोबर ओळखणारा आजोबा त्याने आजवर पाहिला नव्हता.

"हरलास," डावीकडचा मुलगा उजवीकडच्याला म्हणाला. त्यामुळे कोण कोण ते होल्गर यांनाही कळलं.

एस्किल्ड हलला नाही. "कशावरून?"

"इकडे ये. अंगठा दे."

तो टेबलाला वळसा घालून आला. होल्गर यांनी त्याचा अंगठा कागदाच्या कडेवरून नेला. "काय लागतं?"

"खरखरीत."

"पायऱ्या आहेत. सिगुर्ड कागद फिरवतो, तू कात्री फिरवतोस. कितीदा सांगितलं तरी फिरवतोस."

"पण मी सिगुर्डसारखं केलं होतं. भोकंपण छोटी केली. घडीपण नाही कापली."

"हो ना. फारमोर फसली."

"मी सिगुर्डच म्हणाले होते," गुर्लीबाईंनी कबूल केलं. त्यांना ते फारसं आवडलं नव्हतं.

एस्किल्डने आजीकडे पाहिलं, मग पुन्हा कडेवरून अंगठा फिरवला. "म्हणजे तुला कळतं."

इथे हो म्हणणं सोपं होतं. टेबलावरच्या सगळ्यांना ते आवडलं असतं.

"कागदावरून कळतं," होल्गर म्हणाले. "चेहऱ्यावरून अजून नाही कळत. तुझ्याच नाही, कुणाच्याच. दारात दोघे आलात की मला सांगता येत नाही."

डिटे काहीतरी बोलणार होती. गुर्लीबाईंनी तिच्या बशीत हेरिंगचा तुकडा वाढला.

"मीपण?" येप्पेने विचारलं.

"तू दाढी ठेवलीस तेव्हा दोन दिवस मला वाटलं, पाइप दुरुस्त करायला माणूस आलाय."

सिगुर्ड इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. एस्किल्ड हसला नाही. तो विचार करत होता.

"मग विचारायचं ना," तो म्हणाला. "तू कोण, असं."

"विचारीन."

"रोज विचारलंस तरी चालेल. पण चुकीचं नाव नाही घ्यायचं."

"नाही घेणार."

एस्किल्ड बाहेरच्या खोलीत गेला. कोट टांगलेल्या ठिकाणी थोडी खुडबुड झाली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात सोनेरी कागदात गुंडाळलेलं चॉकलेटचं अंडं होतं. एका बाजूने चेपलेलं, खिशात असतं तसं. ते त्याने आजोबांच्या ताटलीत ठेवलं.

"हे कुठून आलं?" डिटेने विचारलं.

"मी आणलं. काल. बाबाबरोबर."

"काल? पण तू हरलास तर आत्ता."

एस्किल्ड अंड्याची चेपलेली बाजू अंगठ्याने सरळ करू लागला. येप्पे बशीतलं अंडं सोलण्यात गढून गेला होता. "मला म्हणाला, एक घेऊया," तो म्हणाला. "कुणासाठी, ते मी विचारलं नाही."

होल्गर यांनी सोनेरी कागद काढला, घडी घालून बाजूला ठेवला, आणि अंड्याचे जोडावर बरोबर दोन भाग केले. मग उठून कपाटातलं मोठं अंडंही टेबलावर आणलं, कारण ते ठेवून तरी काय करायचं. जेवण सुरू झालं.

ताटल्या उचलल्यावर त्यांनी खालच्या खणातून गठ्ठा काढला आणि सिगुर्डचे कागद डावीकडे, एस्किल्डचे उजवीकडे असे दोन ढीग मांडले. शुक्रवारचं पत्र उलटं केलं, मागे तारीख घातली, आणि तारखेपुढच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने नाव लिहिलं. एस्किल्ड त्यांच्या कोपराशी उभा होता. त्याने कागद पालथा करून टिंबं पाहिली, उलटा करून नाव पाहिलं, आणि प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत मोजलं. सहा भरली.

"आता मागचीपण लिही," तो म्हणाला. "सगळ्यांवर."

"माझीपण सहाच आहेत," सिगुर्ड दुसऱ्या बाजूने म्हणाला, आणि डावा ढीग पुढे सरकवला.